गेम खेळणारे आणि बनवणारे बोलतात ते शब्द: सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागला रविवारी सकाळी शाळा-कॉलेजची पोरंपोरी जमतात आणि आम्ही काही जण त्यांना गेम बनवायला शिकवतो. तिथं जे प्रश्न परत परत येतात ते, शिवाय मिरज, तासगाव, कराड, साताऱ्याहून व्हॉट्सॲपवर येणारे, आणि काही पालकांचेसुद्धा, असे सगळे इथं एकत्र लिहिलेत. खेळणारा एका गोष्टीची तक्रार एका शब्दात करतो आणि बनवणारा त्याच गोष्टीला आतून दुसऱ्या नावानं ओळखतो, आणि माझं ठाम मत आहे की हे दोन्ही शब्द एकमेकांशेजारी ठेवले की खेळणारं पोरगं अर्ध्या वाटेवर आपोआप बनवणारं होतंय. म्हणून नुसता अर्थ न सांगता आत काय चालतंय तेपण सांगितलंय, त्यामुळं काही उत्तरं लांबलीत, घाई असेल तर आपला प्रश्न शोधून तेवढाच वाचा.

लॅग, पिंग, एफपीएस ड्रॉप, सगळं एकच ना?

नाही, तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हीचा इलाज वेगळा आहे, तरी सगळे सगळ्यालाच लॅग म्हणतात आणि मग पिंग खराब असताना ग्राफिक्स कमी करत बसतात.

एफपीएस म्हणजे तुझा फोन किंवा पीसी एका सेकंदात किती चित्रं काढतो. ६० एफपीएस पाहिजे असतील तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३३. तेवढ्या वेळात शत्रू कुठं सरकले, गोळी कुणाला लागली, सावल्या कशा पडल्या, आवाज कुठला वाजवायचा, सगळं उरकायचं असतं. एखाद्या चित्राला मधीच ४० मिलिसेकंद लागले की डोळ्याला झटका जाणवतो, त्याला स्टटर म्हणतात. बनवणारे याला फ्रेम बजेट म्हणतात आणि कुठलं काम किती वेळ खातंय हे प्रोफायलर नावाच्या टूलमध्ये बघतात. फोनच्या बाबतीत अजून एक भानगड आहे, तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो, त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून खेळलं की पहिली मॅच मख्खन आणि तिसरी अडकत अडकत चालते. चार्जिंग काढ, जाड कव्हर काढ, ग्राफिक्स उतरव, फरक पडतोच.

पिंग म्हणजे तुझ्या फोनमधून निघालेला निरोप सर्व्हरला, म्हणजे गेम जिथून चालतो त्या लांबच्या कॉम्प्युटरला, पोचून उत्तर परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. तो सारखा वरखाली होत असेल तर जिटर, आणि निरोप मधीच हरवत असतील तर पॅकेट लॉस. जिटर नसलेला ७० चा पिंग मला ३० ते १२० असा उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा कधीही चालेल.

तिसरं इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा वेळ. टीव्हीला कन्सोल लावून खेळणाऱ्यांना हा लई त्रास देतो कारण टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू कर.

ओळखायचं कसं? एका जागी उभा राहा आणि कॅमेरा गोल फिरव. कॅमेरा फिरवणं तुझ्याच फोनवर होतं, सर्व्हरचा त्यात संबंध नसतो. फिरवताना चित्र अडकलं तर एफपीएसचं दुखणं. चित्र मऊ फिरतंय पण बाकीचे खेळाडू इथून तिथं उड्या मारतायत तर नेटचं.

दादा, १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं तरी पिंग तेवढाच का?

कारण एमबीपीएस ही रुंदी आहे आणि पिंग हे अंतर. पुणे-बंगळूर हायवे कितीही पदरी केला तरी साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटरच राहणार. फायबरच्या काचेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते, मधे राउटर असतात, त्यामुळं प्रत्यक्षात याच्यापेक्षा जास्तच लागतो. सर्व्हर मुंबईत असेल तर तोच पिंग कितीतरी खाली येतो. म्हणून प्लॅन वाढवण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर किंवा रिजन कुठला निवडलाय ते बघ, आणि वायफायऐवजी केबल लावता आली तर लाव. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत असेल तर मात्र तेव्हाचा वाढलेला पिंग रुंदी कमी पडल्यामुळंच असतो, तो भाग वेगळा.

मी भिंतीमागं गेलो होतो तरी मेलो. समोरचा हॅक वापरत होता का?

हा प्रश्न दर रविवारी येतो आणि बहुतेक वेळा उत्तर आहे की नाही, त्यानं तुला रीतसर मारलंय.

ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये खरं काय झालं हे ठरवायचा हक्क सर्व्हरकडं असतो, याला सर्व्हर ऑथॉरिटी म्हणतात. तुझ्या स्क्रीनवर जे दिसतंय ते थोडं जुनं असतं आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तू जिथं दिसतोस तीपण तुझी जुनी जागा असते. आता बघ, त्याच्या स्क्रीनवर तू अजून भिंतीच्या बाहेर आहेस, त्यानं बरोबर डोक्यावर नेम धरून गोळी मारली. त्याचा निरोप सर्व्हरला पोचेपर्यंत तू भिंतीमागं पोचलायस. सर्व्हर काय करतो, तर घड्याळ तेवढं मागं घेतो, गोळी मारणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते परत मांडतो, आणि त्या चित्रात गोळी लागत असेल तर लागली म्हणतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात. ते काढून टाकलं तर जास्त पिंग असलेल्या प्रत्येकाला समोरच्याच्या पुढं अंदाजानं हवेत गोळ्या माराव्या लागतील. म्हणजे थोडा अन्याय कुणावर तरी होणारच, तो मरणाऱ्यावर करायचा की मारणाऱ्यावर एवढाच निर्णय बनवणाऱ्याच्या हातात असतो, आणि बहुतेकांनी मारणाऱ्याच्या बाजूनं दिलाय कारण नेम बरोबर धरूनही गोळी वाया जाणं माणसाला जास्त झोंबतं.

याच कारणानं कोपऱ्यातून अचानक बाहेर येणाऱ्याला थोडा फायदा मिळतो, त्याला पीकर्स ॲडव्हान्टेज म्हणतात. सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो तो टिक रेट. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम १२८ टिकवर चालतो म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एक हिशोब. आणि तुझं कॅरेक्टर बटण दाबताच लगेच हलतंय, सर्व्हरच्या परवानगीची वाट बघत नाही, याला क्लायंट-साइड प्रेडिक्शन म्हणतात, १९९६ ला क्वेकवर्ल्ड या गेमनं हे करून दाखवलं तेव्हापासून इंटरनेटवरचे शूटर खेळण्यालायक झाले. सर्व्हरचं उत्तर वेगळं आलं की तुला मागं खेचलं जातं, तेच ते रबरबँडिंग.

हिटबॉक्स म्हणजे नक्की काय?

कॅरेक्टर दिसायला कितीही सुंदर असू दे, टक्कर तपासताना कॉम्प्युटर ते बघत नाही, तो आत दडवलेले साधे आकार बघतो, डब्बा, गोळा, कॅप्सूल. तेच हिटबॉक्स. फायटिंग गेममध्ये ठोसा मारणाऱ्या भागाला हिटबॉक्स आणि मार खाणाऱ्या भागाला हर्टबॉक्स असं वेगळं म्हणतात. गेम बनवताना इंजिनमध्ये याचं नाव कोलायडर किंवा कोलिजन शेप.

इथं बनवणाऱ्याचा चांगुलपणा कळतो असं मला मनापासून वाटतं. खेळाडूचा हिटबॉक्स चित्रापेक्षा जरा लहान ठेवायचा, नाण्यांचा जरा मोठा. मग काटा चाटून गेला तरी जीव वाचतो आणि नाणं जवळून गेलं तरी मिळतं, आणि खेळणाऱ्याला गेम न्यायानं वागतोय असं वाटतं. जपानी बुलेट हेल गेममध्ये स्क्रीनभर गोळ्या असतात पण खेळाडूचा हिटबॉक्स दोन-चार पिक्सेलचाच असतो, म्हणून ते जमतं. गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये (इंजिन म्हणजे काय ते पुढं येतंय) डिबग मेनूत व्हिजिबल कोलिजन शेप्स चालू केलं की आपल्या गेममधले हे सगळे आकार दिसायला लागतात. पहिल्याच दिवशी चालू करून बघा, निम्मे बग तिथंच दिसतील.

एफपीएसचे दोन अर्थ का आहेत?

फ्रेम्स पर सेकंद आणि फर्स्ट पर्सन शूटर, दोन्हीची अक्षरं तीच. कॅरेक्टर पाठीमागून दिसत असेल तर टीपीएस म्हणजे थर्ड पर्सन शूटर. संदर्भावरनं कळतं.

नर्फ, बफ, ओपी, मेटा?

एखादी बंदूक कमजोर केली तर नर्फ, ताकदवान केली तर बफ, फारच ताकदवान असेल तर ओपी. मेटा म्हणजे सध्या जिंकायला सगळ्यात सोयीचं पडतंय ते, सगळे एकच बंदूक घेऊन फिरायला लागले की समजायचं तीच मेटा आहे. बनवणाऱ्याच्या बाजूनं याला बॅलन्सिंग म्हणतात आणि तिथं दोन आकडे बघतात, पिक रेट म्हणजे किती जण ती वस्तू निवडतात, विन रेट म्हणजे निवडल्यावर किती जिंकतात. पिक रेट जास्त पण विन रेट साधारण, म्हणजे वस्तू नुसती लोकांना आवडतीय, तिला हात लावायची गरज नसते. पिक कमी पण विन जास्त असेल तर बहुतेक थोड्याच लोकांना ती नीट चालवता येते. नुसती आरडाओरड ऐकून नर्फ करणाऱ्यांचे गेम बिघडतात.

स्पॉन, कॅम्पिंग, एएफके, जीजी, स्मर्फ?

स्पॉन म्हणजे जिथं कॅरेक्टर अवतरतं ते, मेल्यावर परत अवतरणं म्हणजे रिस्पॉन. एका जागी लपून बसणं म्हणजे कॅम्पिंग, ते नियमात बसतं, उगीच शिव्या देऊ नका. एएफके म्हणजे खेळाडू कीबोर्डपाशी नाही. जीजी म्हणजे छान खेळलात, हरल्यावरपण लिहायचं असतं. स्मर्फ म्हणजे मुरलेला खेळाडू नवीन अकाउंट काढून नवशिक्यांत खेळतो तो, आणि हे मला अजिबात पटत नाही, शिकणाऱ्याचा जीव जातो त्यात.

ड्रॉप रेट १ टक्का आहे, म्हणजे १०० बॉक्स उघडले की मिळणारच ना?

नाही मिळणार, आणि हे नीट समजून घे कारण इथं खरे पैसे जातात.

गेममध्ये पैसे देऊन बंद बॉक्स घ्यायचा, आत काय निघेल ते नशिबावर, आणि हवी ती वस्तू निघायची शक्यता म्हणजे ड्रॉप रेट. प्रत्येक बॉक्स उघडताना आरएनजी चालतो, म्हणजे रँडम नंबर जनरेटर. आधीचे ९९ रिकामे गेले हे त्याला माहीतच नसतं. एकदा न मिळण्याची शक्यता ९९ टक्के, तर १०० वेळा सलग न मिळण्याची शक्यता ०.९९ चा १०० वा घात, कॅल्क्युलेटरवर करून बघ, साधारण ०.३७ येतं. म्हणजे १०० पोरांनी प्रत्येकी १०० बॉक्स उघडले तर ३७ च्या आसपास पोरं रिकाम्या हातानं परत जाणार. आमच्याकडं हे पोरांना स्वतः दहा ओळींचा कोड लिहून चालवायला लावतो, चेहरे बघण्यासारखे होतात, आणि त्यानंतर टॉप-अपची, म्हणजे गेममध्ये खरे पैसे भरायची, भाषा बरीच कमी होते.

काही गेम पिटी ठेवतात, म्हणजे अमुक वेळा मिळालं नाही तर पुढच्या वेळी नक्की. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित कॅरेक्टरचा मूळ दर ०.६ टक्के आणि ९० व्या वेळेला खात्रीनं मिळतं. या प्रकाराला गाचा म्हणतात. जपाननं २०१२ ला त्यातला कंपू गाचा नावाचा, संपूर्ण संच जमवल्यावरच बक्षीस देणारा प्रकार बंद करायला लावला, बेल्जियमनं २०१८ ला काही गेममधले पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स जुगारात धरले.

आरएनजी म्हणजे वाईटच असंही नाही. आधुनिक टेट्रिसमध्ये सातही आकार एका पिशवीत टाकून एकेक काढतात, पिशवी संपली की परत भरतात, त्यामुळं लांब दांडी कितीही उशिरा आली तरी एका मर्यादेत येतेच. फायर एम्ब्लेम मालिकेतल्या बऱ्याच गेममध्ये दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरतात, त्यामुळं स्क्रीनवर ९० टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा लागतो, कारण ९० टक्के असताना दहात एकदा चुकलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. शक्यता आणि माणसाचं मन यातली ही दरी गेम बनवणाऱ्याला भरून काढता येते आणि तिचा गैरफायदापण घेता येतो. तुम्ही बनवाल तेव्हा भरून काढा.

मी पालक आहे, साताऱ्यात असतो. मुलगा टॉप-अप मागतो, हा जुगार आहे का? बंदी आली होती ना?

दोन गोष्टी वेगळ्या करा काका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत प्रमोशन अँड रेग्युलेशन ऑफ ऑनलाइन गेमिंग ॲक्ट पास झाला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवणारे ऑनलाइन गेम बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. पैसे लावून रमी, पोकर, फँटसी क्रिकेट हे सगळं त्यात आलं. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या रीतसर स्पर्धांना, मात्र त्याच कायद्यात मान्यता आहे.

मुलगा मागतो तो टॉप-अप बहुतेक स्किनसाठी किंवा बॅटल पाससाठी असतो. स्किन म्हणजे नुसते कपडे-रंग, ताकद वाढत नाही. बॅटल पास म्हणजे ठराविक मुदतीत खेळून बक्षिसं उघडत जायचं. पैसे भरल्यावर ताकद मिळत असेल तर त्याला पे-टू-विन म्हणतात. यातून पैसे परत जिंकता येत नाहीत, त्यामुळं वरच्या कायद्यातला पैशाचा गेम तो नव्हे. पण बॉक्स उघडून नशिबानं वस्तू मिळायची असेल तर सवय तीच लागते, म्हणून माझं मत सरळ आहे की काय मिळणार हे आधी दिसत असेल तरच विचार करा आणि बॉक्सला पैसे देऊच नका. फोनवर खरेदीला पासवर्ड लावा, तुमचा यूपीआय पिन मुलाला सांगू नका. आणि रागावण्याआधी एकदा शेजारी बसून तो काय खेळतोय ते बघा, त्याला विचारा, पोरं सांगतात.

मागं पब्जी मोबाइल २०२० ला बंद झाला, त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय २०२१ ला आला, २०२२ ला स्टोअरवरून काढला आणि २०२३ ला परत आला, तो विषय देशाच्या सुरक्षेचा आणि डेटाचा होता, जुगाराचा नव्हता.

इंजिन म्हणजे काय आणि कुठलं घेऊ?

चित्र दाखवणं, टक्कर तपासणं, आवाज वाजवणं, बटणं वाचणं ही कामं प्रत्येक गेमला लागतात, ती तयार करून ठेवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे इंजिन. युनिटी २००५ चं, अनरियल १९९८ चं, गोडो २०१४ ला सगळ्यांसाठी खुलं झालं.

जुना लॅपटॉप असेल, घरचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर गोडोच घ्या. डाउनलोड छोटं आहे, फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे म्हणजे तुमच्या गेमच्या कमाईत कुणाचा वाटा नाही. अनरियलला १० लाख डॉलरच्या वर कमाई गेली की ५ टक्के द्यावे लागतात, तेवढी कमाई झाली तर आनंदानं द्या. युनिटीनं २०२३ ला प्रत्येक इन्स्टॉलमागं पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं, गदारोळ झाला आणि २०२४ ला ते रद्द केलं. नोकरीसाठी पुढं युनिटी किंवा अनरियल शिकावं लागेल, पण एकात हात बसला की दुसरं अवघड जात नाही.

स्प्राइट, मेश, टेक्स्चर, शेडर, असेट?

असेट म्हणजे गेममध्ये वापरलेली कुठलीही तयार वस्तू, चित्र, आवाज, मॉडेल. सपाट चित्र ते स्प्राइट. थ्रीडीमधला त्रिकोणांचा सांगाडा म्हणजे मेश, त्यावर चढवलेलं चित्र म्हणजे टेक्स्चर. शेडर म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, जो ग्राफिक्स कार्डवर चालतो, पाण्याची चमक, आगीचं थरथरणं वगैरे. नेटवरून असेट घेताना लायसन्स वाचा, सीसी-झीरो, म्हणजे बनवणाऱ्यानं हक्क सोडून दिलेलं, असेल तर निर्धास्त वापरा.

माझ्या पीसीवर गेम बरोबर चालतो, मित्राच्या पीसीवर कॅरेक्टर दुप्पट वेगानं पळतंय. असं का?

शाब्बास, हा प्रश्न पडला म्हणजे तू खरोखर बनवायला लागलास.

गेमच्या पोटात एक चक्र सतत फिरत असतं, बटणं वाच, जग पुढं सरकव, चित्र काढ, परत पहिल्यापासून. हा गेम लूप. तू लिहिलंयस की प्रत्येक फेरीला कॅरेक्टर ५ पिक्सेल पुढं सरकव. तुझ्याकडं सेकंदाला ६० फेऱ्या होतात म्हणून ३०० पिक्सेल, मित्राचा मॉनिटर १२० हर्ट्झचा, तिथं १२० फेऱ्या होतात म्हणून ६०० पिक्सेल. इलाज म्हणजे डेल्टा टाइम, मागच्या फेरीपासून किती वेळ गेला तो आकडा. वेग सेकंदाला ३०० असा लिही आणि त्याला डेल्टानं गुण. मग फेऱ्या कितीही होऊ देत, एका सेकंदात ३००च. गोडोच्या प्रोसेस फंक्शनमध्ये डेल्टा आयता मिळतो. टक्कर आणि उड्यांचं काम मात्र फिजिक्स प्रोसेसमध्ये टाक, ते ठराविक वेळानं, मुळात सेकंदाला ६० वेळा चालतं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सची आहे. तोमोहिरो निशिकादो या माणसानं तो बनवला. स्क्रीनवर ५५ एलियन, मशीन बिचारी तेवढी हलवताना मंद पडायची. खेळाडू एलियन मारत गेला की हलवायचे कमी उरायचे, मशीनचं काम हलकं व्हायचं आणि उरलेले आपोआप जोरात पळायला लागायचे. निशिकादोंनी हे दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं, आणि शेवटाकडं अवघड होत जाणारा गेम असा जन्माला आला. शेवटचा एलियन सुसाट जातो आणि छातीत धडधडतं ते त्याच्यामुळं. आज डेल्टा टाइम वापरलात तर हा परिणाम तुम्हाला मुद्दाम घालावा लागेल. आणि घाला, त्याला डिफिकल्टी कर्व्ह म्हणतात.

उडी मारणारा गेम बनवलाय, पण मजा येत नाही. चुकतंय कुठं?

बहुतेक गेम फील, म्हणजे बटण दाबल्यावर हाताला जाणवणारी मजा, कमी पडतोय. कोयोटी टाइम घाल, म्हणजे कॅरेक्टर कड्यावरून पुढं गेल्यावरसुद्धा क्षणभर उडी मारायची मुभा, सेलेस्ट गेममध्ये हा क्षण ०.१ सेकंदाचा आहे. जंप बफर घाल, म्हणजे जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी. बटण लवकर सोडलं तर उडी छोटी कर. खाली येताना गुरुत्व थोडं वाढव. एवढं केल्यावर धूळ उडणं, स्क्रीन हलणं, आवाज असा सगळा ज्यूस घालायचा, आधी नाही. पोरं नेहमी उलटं करतात, आधी धूळ उडवतात.

गेममध्ये मराठी लिहिलं की अक्षरं फुटतात. काय करू?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो कारण आपले गेम आपल्या भाषेत व्हायचे तर हे सुटलंच पाहिजे.

इंग्रजीत एका अक्षराला एक चित्र पुरतं. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षरानंतर टाइप होते पण दिसते आधी, रफार वर चढतो, जोडाक्षराचं वेगळंच रूप होतं. हा हिशोब करण्याला टेक्स्ट शेपिंग म्हणतात. इंजिन शेपिंग करत नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला आणि पाय मोडलेली अक्षरं दिसतात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ पासून, हे आतच दिलंय, तिसऱ्या आवृत्तीत नव्हतं, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून तिसरी उतरवू नका. फॉन्ट देवनागरीचा असायला पाहिजे, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बलू हे फुकट आहेत आणि गेममध्ये वापरायला लायसन्सची अडचण नाही.

तपासायला आम्ही एकच शब्द टाकतो, किर्लोस्करवाडी. त्यात पहिली वेलांटी आहे, रफार आहे, स्क आहे, दुसरी वेलांटी आहे. हा नीट दिसला की बाकी बहुतेक सगळं नीट दिसतं. अजून एक, स्क्रीनवर एकेक अक्षर टाइप होत असल्यासारखा मजकूर दाखवणार असाल तर कोडमधले कॅरेक्टर मोजून तोडू नका, वेलांटी अक्षरापासून तुटते. आणि बटणांची उंची वाढवा, मात्रा आणि उकार वरखाली कापले जातात.

मला ओपन वर्ल्ड गेम करायचाय, पूर्ण सांगली दाखवायची. किती दिवस लागतील?

तो आत्ता नको. किती मोठं काम अंगावर घ्यायचं याला स्कोप म्हणतात आणि नवशिक्यांचे गेम स्कोपनंच मरतात. आधी कोअर लूप शोध, म्हणजे खेळाडू परत परत जे करणार आहे ती एकच कृती.

आमच्यातल्या एका पोरीची कल्पना सांगतो. २०१९ चा महापूर तिनं घरात बसून बघितलेला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गेम एवढाच, दोन मजली घर, पाणी चढतंय, हातात एका वेळी एकच वस्तू धरता येते, काय वर न्यायचं ते ठरव. धान्य, शाळेचे दाखले, आजीची औषधं, शेळी. पाण्याची पातळी हा एकच आकडा, म्हणजे एक व्हेरिएबल, ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, तिथं संगीत बदलतं. आधी चित्रं नव्हतीच, नुसते करडे चौकोन, याला ग्रेबॉक्स म्हणतात, आणि चौकोनातच कळलं की जिना अरुंद केला की निर्णय अवघड होतात आणि खेळायला जीव येतो. हा झाला प्रोटोटाइप. मग दुसऱ्या कुणाला न सांगता-सवरता खेळायला द्यायचा आणि गप्प बसून बघायचं, हे प्लेटेस्टिंग. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, पण बसा. संपूर्ण सांगली करायला जन्म पुरणार नाही, हे घर एकटीनं पूर्ण झालं.

अल्फा, बीटा, गोल्ड, पॅच?

मुख्य गोष्टी सगळ्या आहेत पण कच्च्या, तर अल्फा. सगळं आहे, आता बग काढायचे, तर बीटा. विक्रीला तयार म्हणजे गोल्ड, आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे पॅच.

यात नोकरी मिळते का? इंजिनिअरिंगच करावं लागतं का?

मिळते, पण सांगलीत बसून आत्ता तरी कमी, पुण्याला जावं लागतं किंवा घरून काम शोधावं लागतं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्याच छोट्या टीमनं २०२० ला राजी नावाचा गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला. प्रोग्रॅमर व्हायचं तर इंजिनिअरिंगचा उपयोग होतो, पण आर्टिस्ट, ॲनिमेटर, साउंड, लेव्हल डिझाइन, क्यूए म्हणजे गेम तपासून बग शोधणं, या कामांना डिग्रीपेक्षा पोर्टफोलिओ बघतात. पूर्ण केलेले दोन छोटे गेम अर्धवट पाच मोठ्यांपेक्षा भारी. क्रंच हा शब्द पण ऐकून ठेवा, गेम बाहेर पडायच्या आधी आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस राबवून घेतात त्याला म्हणतात, मुलाखतीला गेलात तर याबद्दल स्पष्ट विचारा, विचारण्यात काही वावगं नाही.

गेम तयार झाला, टाकू कुठं? किती पैसे लागतात?

पहिला गेम इच डॉट आयओ या साइटवर टाका, फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच खेळता येतो, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की झालं. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर, आणि नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, त्यामुळं मित्रमंडळी आधीच तयार ठेवा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाला प्रत्येक गेमला १०० डॉलर, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात, आणि विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीम ठेवतं. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर.

गेममध्ये बग सापडला तर कळवायचं कसं? "चालत नाही" लिहिलं तर कुणी उत्तर देत नाही.

देणार कसं, त्याला कळलंच नसतं. चार गोष्टी लिही. कुठल्या फोनवर किंवा पीसीवर आणि गेमची कुठली आवृत्ती. काय केल्यावर झालं, पहिल्यापासून क्रमानं. काय व्हायला पाहिजे होतं. काय झालं. आणि दर वेळी होतंय की कधीकधी, हे नक्की लिही. बनवणाऱ्याला बग स्वतःच्या पीसीवर परत घडवता आला, त्याला रिप्रो म्हणतात, की निम्मं काम झालेलं असतं. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं तर फारच उत्तम.

कधी कधी कारण लई साधं निघतं. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये २५६ व्या लेव्हलला उजवी निम्मी स्क्रीन अक्षरांच्या कचऱ्यानं भरते आणि पुढं जाताच येत नाही. लेव्हलचा आकडा ८ बिटमध्ये ठेवलेला, त्यात ० ते २५५ एवढेच मावतात, पुढचा आला की हिशोब कोलमडतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात. म्हणून रिपोर्टमध्ये तुझा स्कोअर, लेव्हल, नाणी किती होती तेपण लिही, तुला फालतू वाटेल पण बनवणाऱ्याला ३२,७६७ किंवा ६५,५३५ असा १६ बिटच्या मर्यादेवरचा आकडा दिसला की तो थेट त्या ओळीवर जातो.